गुडघ्याखालची उशी काढ

पत्र: ताई, मी २१ वर्षांची आहे, नंदनवनला राहते, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेपासून कबड्डी खेळते, चढाई माझीच असते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सामन्यात चढाई करून मध्यरेषेकडे वळताना उजव्या गुडघ्यात 'कट्ट' असा आवाज आला आणि मी तिथंच बसले. कुणी धरलंसुद्धा नव्हतं. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्याच्या आतलं एक लिगामेंट) पूर्ण तुटलंय आणि दोन हाडांमधली आतल्या बाजूची गादीपण फाटलीय, असं आलं. एक डॉक्टर म्हणतात, पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन करून टाकू. दुसरे म्हणतात, आधी महिनाभर व्यायाम कर. काका म्हणतात, चिरफाड कशाला, मालिशवाल्याकडे चल. पप्पा ऑटो चालवतात, खर्चाचं टेन्शन वेगळंच. जिना उतरताना गुडघा दोनदा सटकला. आई रोज गुडघ्याखाली उशी ठेवून गरम शेक देते. पोलीस भरतीची तयारी चालू होती, ८०० मीटर आता कधी धावणार? कबड्डी संपली का माझी? आणि भाऊ विचारतोय, संक्रांतीला गच्चीवर येशील का?
— चढाईवाली, नागपूर

पोरी, पत्र वाचता वाचता उशीपाशी माझं बोट थांबलं. बाकी सगळ्यावर बोलूच, पण आधी ती उशी काढ. आज, आत्ता. आईला सांग, माया बरोबर आहे, जागा चुकली. उशी टाचेखाली ठेवायची, गुडघ्याखाली नाही.

असं का, ते सांगते. सुजलेला गुडघा थोडा वाकवून ठेवला की बरं वाटतं, कारण आतल्या पाण्याला तेवढी जास्त जागा मिळते. म्हणून दुखणारा माणूस आपोआप पाय दुमडून झोपतो आणि घरातलं कुणीतरी प्रेमानं खाली उशी सरकवतं. दोन-तीन आठवडे असं चाललं की गुडघा तसाच वाकडा आखडतो. पूर्ण सरळ होत नाही. सरळ न होणारा गुडघा पुढे ऑपरेशननंतरही सरळ व्हायला नाकं मुरडतो, चालताना लंगड राहते, मांडीचा पुढचा स्नायू सुकत जातो. माझ्या २६ वर्षांच्या फिजिओथेरपीत पायऱ्या उतरायला घाबरणारे जेवढे पेशंट आले, त्यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं लिगामेंटपाशी नव्हतंच. गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता आणि ते कुणी बघितलंच नव्हतं. आपल्याकडे सगळे एकच विचारतात, "किती वाकतो?" सरळ किती होतो, हे कुणी विचारत नाही.

बघायचं कसं? पलंगावर दोन्ही पाय लांब करून बस. चांगल्या पायाच्या गुडघ्यामागून हात सारून बघ, जात नाही ना? आता दुखऱ्या पायाखाली बघ. दोन बोटं, तीन बोटं जात असतील तर तेवढा गुडघा अजून सरळ व्हायचाय. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून टाचेखाली ठेव, गुडघा मधे मोकळा लोंबू दे, दहा मिनिटं. दिवसातून पाच-सहा वेळा. ओढ लागेल, कंटाळा येईल, मोबाइल बघत बस. त्यातच मधूनमधून मांडी आवळून गुडघा खाली पलंगाकडे दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचा. शेक बंद. सूज आहे तोवर बर्फ, फडक्यात गुंडाळून, पंधरा मिनिटं. एक मात्र लक्षात ठेव. गुडघा मधेच अडकल्यासारखा झाला, काही केल्या सरळ होईचना, तर जोर लावू नकोस. फाटलेल्या गादीचा तुकडा सांध्यात अडकला असेल तर असं होतं. तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखव, तिथं महिनाभर थांबणं योग्य नाही.

आता काकांची गोष्ट. त्यांना खोटं पाडू नकोस, त्यांनी कुणाचा तरी गुडघा मालिशनं बरा झालेला बघितला असणार. गुडघ्याला चार मोठे अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, असतात. आतल्या बाजूला जे असतं ते एमसीएल, ते फाटलं तर बहुतेकदा काही आठवड्यांत आपलं आपण भरून येतं. मालिश केली तरी, नाही केली तरी. श्रेय मात्र मालिशवाल्याला जातं. तुझं तुटलंय ते एसीएल. ते सांध्याच्या आत, मधोमध आडवं-तिरपं असतं. नडगीचं हाड पुढे सरकू द्यायचं नाही आणि पाय रोवून अंग वळवताना गुडघ्याला पीळ पडू द्यायचा नाही, ही त्याची दोन कामं. तुटल्यावर त्याची टोकं सांध्यातल्या पातळ द्रवात लोंबत राहतात. जखम भरायला रक्ताची गुठळी धरून राहावी लागते, ती तिथं टिकत नाही. म्हणून पूर्ण तुटलेलं एसीएल पूर्वीसारखं घट्ट जुळून येईल, यावर भिस्त ठेवता येत नाही. ताज्या सुजेवर जोरजोरात चोळणं तर नकोच.

"कुणी धरलंसुद्धा नव्हतं" असं तू आश्चर्यानं लिहिलंस. एसीएल बहुतेक असंच तुटतं. धक्क्यानं कमी, आपल्याच वळण्यानं, थांबण्यानं, उडी मारून चुकीचं उतरण्यानं जास्त. आणि उड्या-वळणांच्या खेळांत मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त. तुझी काही चूक झाली, असं मनात घेऊ नकोस. (तुमच्या सरांना मात्र एक निरोप दे. सामन्याआधी मैदानाला दोन फेऱ्या मारणं म्हणजे वॉर्म-अप नव्हे. उडी मारून गुडघे आत न पाडता उतरणं, एका पायावर तोल सांभाळणं, मांडीमागच्या स्नायूंची ताकद, हे आठवड्यातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं करून घेतलं तर मुलींच्या अशा दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. फुकटचं औषध आहे.)

ऑपरेशन करायचं का? मी तुला तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुझ्या सर्जनचा. पण मला काय वाटतं ते स्पष्ट सांगते: तुझ्या बाबतीत हो, पण पुढच्या आठवड्यात नाही.

एसीएल नसतानाही लोक जगतात आणि चांगले जगतात. सरळ चालणं, सायकल, पोहणं, दुकान सांभाळणं, यांत फार अडत नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळकर लोकांवर एक अभ्यास झाला, २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लवकर ऑपरेशन, निम्म्यांना आधी शिस्तीत व्यायाम आणि गरज पडली तरच नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत फारसा फरक नव्हता. पाच वर्षांनी बघितलं तर व्यायामाच्या गटातल्या साधारण निम्म्यांनी नंतर ऑपरेशन करून घेतलं होतं, निम्म्यांना लागलंच नाही. म्हणजे थांबून बघणारे ते दुसरे डॉक्टर काही टाळाटाळ करत नाहीत, त्यांच्या म्हणण्याला आधार आहे.

मग मी हो का म्हणते? तुझा गुडघा साध्या जिन्यावर दोनदा सटकलाय, गादी फाटलीय आणि तुला अशा खेळात परतायचंय ज्यात दर तीस सेकंदांच्या चढाईत पाच वेळा वळावं लागतं. दर वेळी गुडघा सटकतो तेव्हा ती फाटलेली गादी दोन हाडांमध्ये अजून चिरडली जाते. गादी गेली की चाळिशीत गुडघ्याची झीज दारात उभी. ऑपरेशन केलं म्हणून झिजेचा धोका पूर्ण जातो असंही नाही, ते आधीच सांगून ठेवते.

आणि पुढच्या आठवड्यात का नाही? गरम, सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं की नंतर तो आतून चिकटून बसण्याची भीती जास्त. आधी सूज उतरू दे, गुडघा पूर्ण सरळ होऊ दे, नव्वद अंशांच्या पुढे वाकू दे, पाय सरळ ठेवून वर उचलताना गुडघा लुळा पडायला नको. याला तीनपासून सहा आठवडे लागतात. गुडघा अडकलेला नसेल तर संक्रांत होऊन जाऊ दे, जानेवारीच्या शेवटी ऑपरेशन, असा हिशेब धर. तोवर स्कूटी घरी ठेव. सिग्नलला पाय टेकवताना गुडघा सटकला तर गाडीसकट पडशील.

सर्जनकडे जाशील तेव्हा फक्त "खर्च किती आणि किती दिवस" एवढंच विचारून येऊ नकोस. तुटलेलं एसीएल शिवत नाहीत सहसा, नवीन बसवतात. तुझ्याच शरीरातून दोरीसारखा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) काढून, मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदा पाडून त्यातून तो ओवतात आणि बटण किंवा स्क्रूनं पक्का करतात. हा ग्राफ्ट कुठून घेणार, ते विचार. मांडीमागच्या स्नायूचा कंडरा आपल्याकडे सर्रास घेतात. गुडघ्याच्या वाटीखालचा घेतला तर पुढे गुडघे टेकून बसताना दुखू शकतं, आणि कबड्डीत तर अर्धा वेळ गुडघ्यांवरच. काही सर्जन घोट्याच्या बाजूचा घेतात. बारीक अंगाच्या मुलींमध्ये मांडीमागचा कंडरा कधी कधी पातळ निघतो. ८ मिलिमीटरपेक्षा बारीक ग्राफ्ट तरुण खेळाडूंमध्ये तुटण्याचं प्रमाण जास्त दिसतं, म्हणून "बारीक निघाला तर काय करणार?" हेही विचारून ठेव. आणि सगळ्यात महत्त्वाचं: "गादी शिवणार की कापणार?" शिवता येत असेल तर शिवलेली बरी. ती शिवली तर पहिले चार-सहा आठवडे कुबड्या आणि नव्वदच्या पुढे वाकवायला बंदी, असं साधारण असतं. चिडू नकोस, चाळिशीतला गुडघा त्यावर ठरतो.

खर्चाचं. धंतोली-रामदासपेठेतल्या खाजगी दवाखान्यांच्या पाट्या बघून पप्पांना घाम फुटणं साहजिक आहे. आधी मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा मिहानमधल्या एम्सला अस्थिरोग विभागाच्या ओपीडीत एमआरआय घेऊन जा. दुर्बिणीतून होणारं हे ऑपरेशन काही आता दुर्मीळ राहिलेलं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात दाराशी आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथं जा. माझं हे ऑपरेशन योजनेत बसतं का, इथं होतं का, एवढे दोन प्रश्न थेट विचार. खाजगीत केलंस तर पैसे ठरवताना फिजिओचे सहा-नऊ महिने त्या हिशेबात धर. लोक ऑपरेशनवर सगळे पैसे घालवतात आणि फिजिओ तीन आठवड्यांत बंद करतात. हे मी दर महिन्याला बघते आणि दर महिन्याला माझं डोकं फिरतं.

ऑपरेशन दीड तासाचं. कमरेत इंजेक्शन, दोन-तीन छोटी छिद्रं, कंडरा काढायला एक इंचभर चीर, एक-दोन दिवसांत घरी. पप्पांच्याच ऑटोत मागच्या सीटवर आडवी बस, पाय सीटवर लांब. नडगीच्या बाहेरच्या बाजूला, चिरेशेजारी तळहाताएवढी जागा बधिर लागेल. घाबरू नकोस, तिथली बारीक नस दुखावते. हळूहळू कमी होते, कुणाकुणाला थोडी राहते. घाबरायचं ते पोटरी घट्ट सुजून दुखली, ताप आला, टाक्यांतून पाणी आलं तर. तेव्हा लगेच सर्जनला फोन. आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोन करत बसू नकोस, सरळ कॅज्युअल्टी गाठ. घरात भारतीय बैठक असेल तर सर्जिकलच्या दुकानातून कमोड खुर्ची भाड्यानं आण. उकिडवं बसणं किमान चार महिने नाही, गादी शिवली तर सर्जन म्हणेल तोवर नाही. न्हाणीघरात प्लॅस्टिकची खुर्ची ठेव. ओल्या फरशीवर एका पायानं उड्या मारत जाणारी तुझ्यासारखी एक पोट्टी मी दुसऱ्याच आठवड्यात परत ऑपरेशन थिएटरला गेलेली बघितलीय.

पहिल्या दोन आठवड्यांत एकच ध्येय: सरळ. हो, परत तेच. टाचेखाली टॉवेल.

मग होळी येईल. तोवर तुला पाच-सहा आठवडे झालेले असतील, दुखणं गेलेलं, चाल सुधारलेली, आणि तुला वाटेल, झालं की. नेमका तेव्हापासून पुढचा महिना-दीड महिना नवा ग्राफ्ट सगळ्यात कच्चा असतो. बसवलेला कंडरा आधी आतून मरतो, मग त्यात नव्यानं रक्तवाहिन्या शिरतात आणि तो हळूहळू अस्थिबंधासारखा व्हायला लागतो. मधल्या काळात तो बसवला त्या दिवसापेक्षाही नाजूक असतो. गुडघा मात्र चांगला वाटतो. रंग खेळायला ओल्या गल्लीत पळू नकोस. मांडीमागचा कंडरा काढला असेल तर खाली वाकून बुटाची लेस बांधताना मागे 'चट्' होईल, तेही दोनेक आठवड्यांत शांत होतं.

एप्रिल-मेमध्ये, तीन-चार महिन्यांनी, सूज नसेल आणि ताकद आली असेल तर हळू पळायला सुरुवात. सरळ रेषेत. आपल्या नागपुरात हा मुहूर्त नेमका उन्हाळ्यात पडतो, म्हणून पहाटे साडेपाचला अंबाझरीला जा, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर सातच्या आत घरात. ताकदीचे व्यायाम, म्हणजे स्क्वॉट, लेग प्रेस, एका पायावर उठबस, हे कूलरसमोर करता येतात, ते चुकवायचे नाहीत. खाण्यात प्रोटीन नीट हवं. अंडी, चिकन चालत असेल तर उत्तमच, नाहीतर घट्ट वरण, भिजवलेले हरभरे, दही, शेंगदाणे. नुसत्या तर्री-पोह्यांवर मांडी भरत नाही.

पोळ्यापर्यंत सात महिने होतील. तोवर उड्या, वळणं, चढाईची पावलं, सगळं एकटीनं, कुणाच्या पकडीशिवाय. मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत घुसायचं नाही, तिथं धक्का कुठून येईल सांगता येत नाही. सामना दसऱ्यानंतर, नऊ महिने पूर्ण झाल्यावरच. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या खेळाडूंवरच्या २०१६च्या एका अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, त्यातल्या दर महिन्याला पुन्हा दुखापतीचं प्रमाण सुमारे निम्म्यानं घटत गेलं. आणि फक्त कॅलेंडर पुरत नाही. दुखऱ्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी, एका पायावरची लांब उडी तेवढीच जायला हवी. फिजिओकडे मोजून घे, अंदाजानं नको.

मी हे इतकं ठासून का सांगते? माझी प्रॅक्टिस नवी होती तेव्हा एक कबड्डीचाच मुलगा ऑपरेशननंतर सहा महिन्यांत माझ्याकडे आला. स्पर्धा तोंडावर, गुडघा दिसायला एकदम झकास, रोज गयावया करायचा. मी उड्या मोजल्या नाहीत, मांडीचा घेर टेपनं मोजला, "ठीक आहे, जा" म्हटलं. दुसऱ्याच सामन्यात परत तुटलं. तो मला एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून माझ्या खोलीत जमिनीवर सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी चिकटवलेली आहे. त्यावर उडी मारल्याशिवाय कुणाला सोडत नाही.

कबड्डी संपली का? नाही. विनेश फोगाटचं एसीएलचं ऑपरेशन ऑगस्ट २०२३ मध्ये झालं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती पॅरिसला ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत कुस्ती जिंकत गेली. पण तिच्यामागे पूर्ण वेळ माणसं होती, तुझ्यामागे कॉलेज आणि घरकाम आहे, म्हणून तिचं वेळापत्रक उचलू नकोस. खरे आकडेही ऐक. एसीएलच्या ऑपरेशननंतर पाचातले चार जण कुठल्या ना कुठल्या खेळात परततात, पण स्पर्धात्मक पातळीवर परतणारे निम्म्याहून थोडेच जास्त. पंचवीसच्या आतले जे खेळात परततात, त्यांतल्या चार-पाचांमागे एकाचं पुन्हा तुटतं, कधी त्याच गुडघ्याचं, कधी दुसऱ्या. बऱ्याच जणांना भीतीच रोखून धरते, गुडघा तयार असतो. तुला वळताना छातीत धस्स होईल. ते लपवू नकोस, फिजिओला सांग, त्यावरही काम करता येतं.

भरती. ८०० मीटर सरळ धावणं आहे, त्यात पकड नाही, म्हणून ते कबड्डीच्या आधी जमेल. पण वेळेत धावण्यासाठी ऑपरेशननंतर सहा-सात महिने तरी धर. येती भरती त्याआधी निघाली तर ती सोड. लेखीचा अभ्यास आतापासून कर, पाय लांब करून, टाचेखाली टॉवेल ठेवून चांगला होतो. गोळाफेकीत मागचा पाय रोवून कमरेतून जो पीळ देतात तो तुझ्या उजव्या गुडघ्यावरच येतो, म्हणून ती सर्वांत शेवटी.

आणि संक्रांत. गच्चीवर जा, पण जिना कठड्याला धरून चढ. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. खुर्ची घेऊन जा आणि चक्री धर. आकाशाकडे बघत मागे मागे सरकत पतंग उडवणं भावाला करू दे. 'ओ काट' ओरडायला गुडघा लागत नाही.